झाडावरचे प्रश्न : दोरी, कोयता आणि करवत

मागच्या अंकात जुन्या आंब्यांची उंची कमी करण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती बहुतेक चढण्याविषयीची. फांदी कुठं कापायची हे विचारणारे थोडे, तिथवर गेलेला माणूस धड खाली कसा यायचा हे विचारणारे जास्त. मला हे आवडलं. मी मूळचा गुहागरचा. लहानपणी पोफळीवर चढायला शिकलो, पुढे पुण्यात राहून सह्याद्रीतल्या सुळक्यांवर दोर लावायला शिकलो आणि आता दोन्हींची सरमिसळ करून झाडांची कामं करतो. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

प्रश्न : हापूसची जुनी, उंच कलमं आहेत. छाटणीला येणारे अण्णा पन्नाशीचे, हाडाचे चढणारे. दोरी लावा म्हटलं की हसतात. "पायात येते, काम रेंगाळतं" म्हणतात. त्यांना कसं पटवू? (बागायतदार, ता. देवगड)

अण्णांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि ते आधी कबूल केल्याशिवाय उरलेलं निम्मं ते ऐकणार नाहीत. चढताना त्यांचे दोन हात, दोन पाय झाडाला असतात. एक हलतो तेव्हा तीन टेकलेले असतात. इतक्या वर्षांच्या सवयीला तिथं दोरी अडचणच वाटणार.

पण अण्णा चढायला येत नाहीत, कापायला येतात. फांदीवर पोचले, कमरेच्या आकडीतून कोयता काढला, डाव्या हातानं कापायची डहाळी धरली की झाडाला उरले फक्त पाय. आता घाव निसटला, हुमले म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्या मानेवर चढल्या किंवा पायाखालची फांदी उसळली, तर सावरायला हात रिकामा नाही. फांदी उसळते हे अण्णांना माहीत असणार. शेंड्याकडचं वजन उतरलं की उभे आहोत तीच फांदी हातभर वर येते. दोरी त्या घटकेसाठी आहे. "तुम्हाला चढता येत नाही म्हणून दोरी" असं बोललात तर माणूस दुखावतो. "कापताना तुमचे दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून दोरी" असं सांगा. हे खरंही आहे. अंगावर बांधलेल्या पट्ट्यावर (हार्नेसवर) रेलून दोन्ही हातांनी करवत ओढणाऱ्याचा काप सरळ येतो, आणि संध्याकाळी पोटऱ्याही कमी दुखतात.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली. झाडामागे पैसे ठरवले असतील तर दोरी लावायला गेलेला अर्धा तास अण्णांच्या खिशातून जातो. मग ते दोरी का लावतील? छाटणीला रोजावर बोलवा, आणि दोरी लावण्याचा वेळ रोजात धरा. मी पाहिलेल्या बागांत भाषणापेक्षा या बदलाचा उपयोग जास्त झाला.

लावायची कशी? पाव किलो ते 400 ग्रॅम वाळू भरलेली छोटी पिशवी बारीक, गुळगुळीत सुतळीला बांधून जमिनीवरूनच बेचक्यातून पलीकडे फेकायची आणि त्या सुतळीनं दोर वर ओढून घ्यायचा. म्हणजे चढायच्या आधीच दोर वर असतो आणि चढतानाही माणूस बांधलेला राहतो. दोराचं एक टोक पट्ट्याच्या पुढच्या कडीला, मधला भाग बेचक्यातून पलीकडे, आणि खाली लोंबणाऱ्या पदरावर सरकगाठ, तीही त्याच कडीला. गाठ सरकवली की माणूस वर-खाली होतो, सोडली की गाठ आवळते. फेक जमायला दोन-चार संध्याकाळी लागतात. पोरांना द्या, ती लवकर शिकतात.

आता या सगळ्या सदरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हत्यार चालवताना माणूस झाडाला दोन ठिकाणी बांधलेला हवा. एक हा वरचा दोर, आणि दुसरी लॅनयार्ड म्हणतात ती आखूड दोरी, जी खोडाला किंवा जाड फांदीला वेढा घालून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना लागते. एका दोरीवर घाव बसला तरी दुसरी असते. जागा बदलताना एक सोडली तर दुसरी चालू, दोन्ही एकदम कधीच सुटत नाहीत. लॅनयार्ड आत पोलादी तार असलेली घ्या. तिच्यामुळे करवत अडेल, पण जोरात बसलेला कोयता किंवा पॉवर सॉ तीही तोडू शकते हे ध्यानात ठेवा.

दोर कुठल्या बेचक्यात टाकायचा हा अण्णांच्या अनुभवाचा प्रांत, तिथं त्यांचं ऐका. माझा आडाखा असा : जिवंत लाकूड, किमान मनगटापेक्षा बरंच जाड म्हणजे 10 सेंटिमीटरच्या वर, आणि दोर फांदीच्या मुळाशी, खोडाला लागून. खालून दोन माणसांनी दोराला लोंबकळून बघायचं, मगच एकानं चढायचं. आंबा, चिंच बरी. शेवगा, पांगारा, गुलमोहर यांच्या फांदीवर जीव टांगू नका, आणि जांभळाचा तर लहानपणी आपटलेल्या कुठल्याही कोकणी माणसाला विचारा. वाळलेल्या फांदीत दोर कधीच नाही, ती कितीही जाड असो.

एक गोष्ट अण्णांना नक्की खटकेल, ती म्हणजे दोर टाकला त्या बेचक्याच्या वर चढायचं नाही. वर जायचंच असेल तर आधी लॅनयार्ड लावून दोर वरच्या बेचक्यात न्यायचा. ढिला दोर घेऊन वर गेलेला माणूस पडला की तितकं अंतर मोकळा पडतो, आणि न ताणणाऱ्या दोरावर तो झटका त्याच्या वजनाच्या कैक पट बसतो. तसंच आडव्या फांदीवर फार लांब जाऊ नका. पाय सुटला तर माणूस झोका घेत खोडावर आदळतो.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पिवळा-निळा दोर चालेल का? मुलाकडे ट्रेकिंग क्लबचा जुना रॉक क्लाइंबिंगचा दोर आहे, तो वापरला तर? (संगमेश्वर, आणि असाच प्रश्न चिपळूणहून)

नाही, आणि बहुतेक नाही.

पिवळा-निळा दोर पॉलिप्रॉपिलीनचा. होडी बांधायला, ताडपत्री आवळायला चांगला, कारण तो पाण्यावर तरंगतो आणि स्वस्त आहे. पण उन्हात वर्ष काढलं की धागे ठिसूळ होऊन हाताला पांढरी भुकटी लागते. शिवाय तो 165 अंशांच्या आसपास वितळतो. गाठ वेगानं घसरली तर दोरावर दोर घासून एवढी उष्णता तयार होऊ शकते. काथ्याचा सुंभ, घायपाताचा दोर ओझ्याला ठीक, माणसाला नाही. बाहेरून धड दिसतात आणि आतून कुजलेले असतात, कोकणच्या हवेत तर फार लवकर.

क्लाइंबिंगचा दोर मजबूत असतो, पण तो मुद्दाम ताणला जाणारा बनवलेला असतो. कड्यावर माणूस पडला तर झटका त्यानं पोटात घ्यावा म्हणून. झाडावर आपण पडत नाही, रेलून बसतो. तिथं तो दोर रबरासारखा खालीवर करतो, करवत ओढताना शरीर डुलतं आणि काप भरकटतो. झाडासाठी कमी ताणाचा, गाभा आणि विणलेलं वेष्टण असलेला दोर लागतो. जाडी 11 ते 13 मिलिमीटर. हाताला मुठीत नीट धरवतो असा 12-13 चा मला आवडतो. लेबलवर ईएन 1891 (हे युरोपीय मानक), प्रकार ए असं दिसलं की तो कमी ताणाचा, माणसाचं वजन पेलायला बनवलेला दोर. त्याची तुटण्याची ताकद 22 किलोन्यूटनच्या वर असते, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. "माझं वजन 65 किलो, मला दोन टन कशाला?" असं एकानं विचारलं आहे. गाठ मारली की ताकदीचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा, जातो. वापरानं, धुळीनं, उन्हानं आणखी. वर झटका आहेच. उरतं त्यात जीव बांधायचा आहे.

लांबी किती? दोर वर जाऊन परत येतो, म्हणून बेचक्याच्या उंचीच्या दुप्पट, वर थोडी जास्त. आणि खालच्या टोकाला एक जाड गाठ कायम मारून ठेवायची. दोर अपुरा असताना उतरता उतरता सरकगाठ टोकावरून निसटते आणि माणूस शेवटचे वीस फूट मोकळा येतो, असे अपघात जगभर झालेले आहेत. ही एक गाठ ते टाळते आणि तिला पैसे पडत नाहीत.

पट्टा घेताना आयएस 3521 हा भारतीय मानकाचा आकडा बघा. पण एक भानगड आहे. बांधकामावर मिळणारा संपूर्ण अंगाचा हार्नेस पडलेल्याला पाठीमागून धरतो, त्यात बसून काम करता येत नाही. झाडासाठी मांड्यांना पट्टे, कमरेला रुंद गादी, समोर एक आणि दोन्ही बाजूंना कड्या असलेला हवा. नुसता कमरेचा पट्टा, लाइनमन पूर्वी वापरायचे तसला, घेऊ नका. त्यात लोंबकळणारा माणूस एक तर घसरून निसटतो किंवा बरगड्यांत आवळला जातो.

प्रश्न : किती गाठी यायला हव्यात? (अलिबाग)

तीन. पण अंधारात, ओल्या हातांनी, बोलत बोलत आल्या पाहिजेत.

दोराचं टोक कडीला बांधायला आठाची गाठ, दुहेरी. ती बघताक्षणी बरोबर की चूक ते कळतं, म्हणून नवख्याला मी बोलाईनच्या (न सरकणारा फास करणाऱ्या गाठीच्या) आधी हीच शिकवतो. दुसरी सरकगाठ. प्रुसिक गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यानं 1931 मध्ये प्रसिद्ध केली. मुख्य दोरापेक्षा बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे, झालं. झाडावर काम करणारे बहुधा ब्लेक्स हिच वापरतात. ती दोराच्या उरलेल्या टोकानंच मारता येते आणि वजन असतानाही सरकते. वर जाणारे चार वेढे, आणि टोक खाली आणून खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर. टोकाला आठाची गाठ मारून बंद करायचं, नाहीतर ते हळूहळू आत ओढलं जातं. हे वाचून झाडावर जाऊ नका. ओसरीच्या तुळईला दोर टांगून, जमिनीपासून दीड फुटावर लोंबकळून शिका, शिकवणारा समोर उभा असू द्या. तिसरी फासाची बोलाईन, म्हणजे बोलाईनचाच सरकता फास, खाली सोडायच्या फांदीला बांधायची. ती आवळते आणि ओझं उतरल्यावर सुटतेही.

प्रश्न : घराच्या कौलांवर फणसाची मोठी फांदी आली आहे. कापली तर कौलं फुटणार, ठेवली तर पावसात घरावर येणार. (राजापूर)

आधी वजनाचा अंदाज घ्या, तो सगळ्यांचाच चुकतो. ओलं लाकूड साधारण पाण्याच्या जवळपास वजनाचं धरा. एक फूट जाडीचा, मीटरभर लांबीचा ओंडका म्हणजे 60 ते 70 किलो. एक भरलेला माणूस. तो दोन मीटर पडून दोरावर अडकला तर दोराला आणि वरच्या बेचक्याला त्याच्या कैक पट झटका. म्हणून पहिला नियम, मोठा तुकडा कापायचाच नाही. शेंड्याकडून सुरुवात करून हाताला पेलतील असे तुकडे. पानं, डहाळ्या आधी, ओंडके शेवटी.

हातात मावेल अशा तुकड्यासाठी एक काप आहे, त्याला मी मुरडकाप म्हणतो. एका बाजूनं निम्म्याहून थोडा जास्त काप घ्यायचा, मग विरुद्ध बाजूनं इंच-दीड इंच सरकून तेवढाच दुसरा. दोन्ही काप एकमेकांच्या पुढे गेलेले, पण मिळालेले नाहीत. तुकडा जागेवर उभा राहतो. मग करवत म्यानात घालायची, दोन्ही हातांनी तुकडा धरून मुरडायचा. कट्टदिशी सुटतो आणि तुम्ही तो हवा तिथं टाकता. तुकडा सुटतो त्या क्षणी हातात हत्यार नसतं, हा त्यातला खरा फायदा.

पेलणार नाहीत त्या तुकड्यांना दोर बांधून सोडायचं. हा दोर वेगळा. माणसाचा दोर ओझ्याला आणि ओझ्याचा दोर माणसाला, असं कधीही नाही. शक्यतो बेचकंही वेगळं. फांदी घरावर आहे म्हणून दोर फांदीच्या मध्याच्या पुढे, शेंड्याकडे बांधा. मग कापल्यावर बुडखा खाली जातो आणि शेंडा दोरावर तोललेला राहतो. बुडख्याला बांधलंत तर शेंडा खाली झुकून नेमका कौलांवर झाडू मारणार. बुडखा झोका घेऊन कुठं येईल ते आधी बघा, आणि कापणारा त्या वाटेत नको. शेंड्याला आणखी एक बारीक दोरी बांधून अंगणातून एकानं ती ओढून धरावी, म्हणजे तुकडा गरगरत नाही.

खालचा माणूस ओझ्याचा दोर हातात धरून उभा राहतो, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ते बंद करा. बुंध्याला, किंवा त्याहून बरं म्हणजे शेजारच्या भक्कम झाडाला, दोराचे दोन-तीन वेढे घ्या. वेढ्यांच्या घर्षणानं साठ किलोचं ओझं साधा माणूस सावकाश सोडू शकतो. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, पाय दोराच्या वेटोळ्यात ठेवायचा नाही. आणि ओझं अडकलं रे अडकलं की गच्च आवळून थांबवू नका, थोडं पळू द्या, मग हळूहळू रोखा. झटका निम्मा होतो. हे खालच्या माणसाचं कौशल्य वर चढणाऱ्याइतकंच मोठं आहे, पण त्याला रोज कमी देतात. मला हे पटत नाही.

फांदी खोडापासून काढताना तीन काप. खोडापासून फूटभर अंतरावर खालून पहिला, फांदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. करवत अडकू लागली की थांबा. दुसरा वरून, त्याच्याही बाहेर दोन-तीन इंचांवर. फांदी मधल्या मध्ये तुटून जाते, खोडाची साल सोलत नाही. उरला खुंट, तो तिसऱ्या कापानं. कुठं? फांदीच्या मुळाशी खोडाची सुजल्यासारखी वळी असते, तिच्या लगेच बाहेर. वळी कापायची नाही आणि खुंटी ठेवायची नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले वृक्षरोगतज्ज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, सडका भाग भिंती घालून कोंडतं, आणि ती भिंत याच वळीत उभी राहते. खोडाला घासून "स्वच्छ" कापणारे नेमकी तीच काढून टाकतात.

कोयत्यानं हे तीन काप होत नाहीत. कोयता डहाळ्यांना आणि झावळ्यांना ठीक. मनगटाहून जाड फांदीला ओढून कापणारी, वाकडी, दातेरी हातकरवत घ्या. कोयता फिरतो, करवत जागेवर चालते. फिरणाऱ्या पात्याच्या कक्षेत दोर येतो. कोयता वापरायचाच तर मुख्य दोर आणि लॅनयार्ड डाव्या हाताच्या बाजूला ठेवा, घाव शरीरापासून दूर जाणारा घ्या.

ताजा कलम : मुंबई, पुणे किंवा कुठल्याही नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर झाडं जतन करण्याच्या राज्याच्या 1975 च्या कायद्याप्रमाणे छाटणीलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. राजापूर शहरात असलात तर तुम्हालाही.

प्रश्न : छाटलेल्या जागी डांबर लावावं की शेण? (पेण)

डांबर नको. त्याखाली ओल कोंडते. आंब्याच्या मोठ्या जखमांना 10 टक्के बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. ती लावा, पण चुकीच्या जागी घेतलेला काप कुठल्याही लेपानं सुधारत नाही.

प्रश्न : भावानं पॉवर सॉ आणली आहे. झाडावर एका हातानं चालवतो, दुसऱ्यानं फांदी धरतो. व्हिडिओत सगळे तसंच करतात म्हणतो. (दापोली)

भावाला सांगा, व्हिडिओत दवाखाना दाखवत नाहीत.

साखळी सेकंदाला 20 मीटरच्या आसपास फिरते. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की अख्खी सॉ मागे, तोंडाकडे उसळते. ते इतक्या वेगानं होतं की प्रतिक्रिया द्यायला वेळच नसतो. दोन्ही हातांनी, अंगठा दांडीखालून घेऊन धरली असेल तर उसळी ताब्यात राहते आणि पुढची दांडी मनगटाला लागून साखळीचा ब्रेक बसतो. एका हातात असेल तर ती येते. मोकळा हात पात्याशेजारी फांदी धरून बसलेला असतो, तो आधी जातो.

ताणलेला दोर साखळीला नुसता स्पर्श झाला तरी तुटतो, सैल दोराला निदान क्षणभर वेळ लागतो. चढणाऱ्याचा दोर कायम ताणलेला असतो. म्हणून पॉवर सॉ चालू असताना दोन बंध, आणि दोन्ही पात्याच्या वाटेबाहेर आहेत हे सुरू करण्याआधी डोळ्यांनी बघायचं. सॉ खांद्याच्या वर नाही. जागा बदलताना बंद. तिला स्वतःची आखूड दोरी हवी, म्हणजे हातातून सुटली तर खालच्याच्या डोक्यावर जाणार नाही. साखळीचा ब्रेक लावल्याशिवाय सुरू करायची नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिली दोन वर्षं झाडावर हातकरवतच. सहा इंचांच्या फांदीला जपानी बनावटीच्या चांगल्या करवतीनं फार वेळ लागत नाही. भाऊ पॉवर सॉ जमिनीवर चालवू दे, ओंडके करायला. तिथंही काम भरपूर आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या चौघींना नारळ पाडायचं शिकायचं आहे. पाडेली मिळत नाहीत, मिळाले तर माडामागे दर फार. बायकांना जमेल का? यंत्र सुरक्षित आहे का? (मालवण)

जमेल. केरळात नारळ विकास मंडळानं 2011 मध्ये "फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री" नावाचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात बायकाही शिकल्या आणि कमावत्या झाल्या. तिथं वापरलं जाणारं चेंबेरी पद्धतीचं यंत्र, दोन पायांना दोन चौकटी आणि माडाला वेढणारी तार, आपल्याकडेही मिळतं. माड नुसत्या अंगानं चढायला लागणारी ताकद आणि सोललेल्या छात्या त्यात वाचतात.

पण यंत्र म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्या यंत्रावर तुम्ही उभ्या असता. पाय चौकटीतून सुटला तर धरणारं काही नाही, म्हणून वेगळा पट्टा आणि माडाला वेढा घालणारी लॅनयार्ड हवीच. माडाला फांदी नसल्यामुळे वर दोर टाकायला बेचकं नाही. लॅनयार्डचे खोडाला दोन वेढे घ्या, एका वेढ्याची दोरी गुळगुळीत खोडावरून सरकते. झावळीच्या देठाला कधीही काही बांधू नका. हिरवागार दिसणारा देठ बुडाशी कधी सुटेल सांगता येत नाही.

चढण्याआधी माडाकडे निरखून बघा. सोंड्या भुंगा खोड आतून पोखरतो. बाहेरून छोटी भोकं, त्यातून तपकिरी चिकट पाझर, चघळल्यासारखा भुसा दिसतो. कोयत्याच्या पाठीनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला की तो माड चढायचा नाही, मालकानं कितीही आग्रह केला तरी. वीज पडलेला, शेंडा झुकलेला माड तसाच. 2020 च्या निसर्ग वादळात आणि 2021 च्या तौक्ते वादळात हललेले कित्येक माड अजून उभे आहेत. त्यांच्या मुळांशी जमीन फुगली आहे का, तडा आहे का, बघून घ्या. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी ती बाग सोडा.

आणि विमा. नारळावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची केरा सुरक्षा योजना आहे, शिकायला जाल तेव्हाच अर्ज करा. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना उंचावरून पडण्याला लागू आहे, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी. म्हणजे बागेचा मालक पडला तर मदत, त्याच्या माडावर रोजानं चढलेला भूमिहीन पडला तर नाही. चढतो मात्र तोच. तुमच्या गटानं दर ठरवताना हप्त्याची रक्कम त्यात घालावी.

प्रश्न : फांद्या विजेच्या तारांना लागल्या आहेत. सुकी काठी वापरून कापता येतील ना? (वाडा)

नाही. ओल्या फांदीतून, झावळीतून वीज येते, आणि तारेवर प्लास्टिकचं वेष्टण दिसलं तरी ते वाचवेल असं धरू नका. तारांपासून 3 मीटरच्या आत माणूस, हत्यार किंवा पडणारी फांदी येत असेल तर ते काम आपलं नाही. महावितरणला 1912 वर कळवा, लाइन बंद करून त्यांच्या माणसासमोर कापा. "शेजारच्या डीपीचा फ्यूज काढून ठेवतो" हा सल्ला देणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

प्रश्न : वर माणूस बेशुद्ध झाला तर? (हा प्रश्न तिघांनी विचारला आहे)

पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्याच्या पायांत रक्त साचतं आणि जखम नसली तरी त्याची शुद्ध काही मिनिटांत जाऊ शकते. शुद्धीत असेल तर त्याला पाय हलवत राहायला, एखाद्या फांदीवर पाय टेकवायला सांगा. नसेल तर कुणीतरी वर जायला हवं, आणि तो "कुणीतरी" त्या क्षणी शोधायचा नसतो. म्हणून आमच्या कामाला किमान दोघं चढणारे असतात, आणि दुसऱ्याचा पट्टा, दोर बुंध्याशी तयार पडलेला असतो, गाडीत नाही. चढणारा एकटाच असेल तर काम पुढच्या दिवशी.

वर गेलेल्यानं आधी स्वतःला बांधायचं, मग जखमीचा पट्टा आपल्या कडीला जोडायचा आणि त्याची सरकगाठ ओढत दोघांनी मिळून खाली यायचं. हे वर्षातून एकदा तरी, कमी उंचीवर, खऱ्या माणसाला लोंबकळवून करून बघा. वाळूच्या पोत्यावर करू नका. पोतं ओरडत नाही, त्यामुळे पट्टा कुठं रुततो ते कळत नाही. खाली आल्यावर आडवं झोपवा, श्वास बघा, 108 ला फोन. उंचावरून पडला असेल तर मान-पाठ न हलवता तसाच ठेवा. चौघांनी हातपाय धरून जीपच्या मागच्या सीटवर कोंबल्यानं, जो वाचला असता तो अपंग होतो. आणि 108 ला वाट सांगायची कुणी, फाट्यावर उभं कुणी राहायचं, हे सकाळीच ठरवा. आपल्या बागा नकाशात सापडत नाहीत.

प्रश्न : दोर किती वर्षं टिकतो? आमच्या दोरावरून चुकून ट्रॅक्टर गेला, वरून काही दिसत नाही. (खेड)

दर वेळी वापरण्याआधी अख्खा दोर बोटांमधून सरकवा. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. आत गाभा मऊ पडलेला, जाडी अचानक कमी झालेली, चकाकी आलेला कडक पट्टा, वेष्टणाचे तुटके धागे, यातलं काही लागलं की तो दोर संपला. मळला तर साध्या पाण्यात, सौम्य साबणानं धुवून सावलीत वाळवा. डिझेल, पेट्रोल आणि बॅटरीचं आम्ल यांच्यापासून लांब ठेवा. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेला दोर मी वापरत नाही. रोजच्या कामात दोन-तीन वर्षं झाली की बदला. न वापरलेल्या दोरालाही बनवणाऱ्यानं दिलेली मुदत असते, ती लेबलवर बघा.

ट्रॅक्टरखाली गेलेला दोर माणसासाठी बाद. वाईट वाटेल, महाग असतो. पण तो तसाच खुंटीला अडकवून ठेवू नका, उद्या कुणीतरी चढायला नेईल. आजच त्याचे दीड-दोन मीटरचे तुकडे करा, गुरं बांधायला होतील.